काळी पाच

बोट काळी पाचवर पडले आणि तिथेच थांबले.

चंद्रकलेने ते उचलून शेजारच्या काळी चारवर ठेवले. टेपरेकॉर्डरमधली बाई आपल्या तंद्रीत गातच होती. काळी चारचा सूर तिच्या षड्जाशी भांडायला लागला, एका चुलीपाशी दोघी जावा कुरबुरतात तसा. बोट परत काळी पाचवर. भांडण मिटले, दोन सूर एकमेकांत विरघळले. पेटीचा भाता तिने आणखी थोडा हलवला. खिडकीतला कूलर घरघरत होता, वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत होते, आणि एप्रिलच्या त्या भर दुपारी हंसापुरीतल्या आपल्या दोन खोल्यांत ती स्वतःच्याच आवाजासमोर बोट अवघडून बसली होती.

आवाज तिचाच होता, चौसष्ट सालचा. तेव्हा ती 'वैनगंगा नाट्य मंडळी'ची नायिका होती आणि 'संगीत रत्नकंकण' या नाटकात दिवा लावताना एक पद म्हणत असे. आता त्र्याऐंशी साल होते. नागपूर तिला ओळखत होते ते विनोदी नाटकांतली मावशी म्हणून. रिक्षावाले ओळखत, भाजीवाल्या ओळखत, आणि ओळखले की हमखास आपल्या गळ्यावर बोटाच्या पेराने टकटक करून दाखवत.

गाणाऱ्या माणसाची पट्टी ठरलेली असते. पेटीवरची ती एक पट्टी म्हणजे त्याचे घर. तिथून निघायचे, वर हिंडायचे आणि तिथेच परत यायचे. मंडळीत हे सगळ्यांना पाठ होते. नायकाचे काम करणाऱ्या बाबनरावांची काळी एक, चंद्रकलेची काळी चार. काळी पाच तिची कधीच नव्हती. पेटीवर पाहिले तर दोघी अगदी शेजारणी, पण गळ्यासाठी मधे अख्खा जिना. काळी चारमध्ये तिचा तार पंचम धोट्यातून सूत निघावे तसा सरळ निघे. काळी पाचमध्ये तोच पंचम तुटे. लग्न नवे होते तेव्हा केशव मास्तरांनी गंमत म्हणून एकदा हे करून पाहिले होते. केशव मास्तर म्हणजे तिचा नवरा, मंडळीचा पेटीवाला. याच खोलीत, याच पेटीवर. पंचम फाटला तसे दोघेही पोट धरून हसले होते. "एवढीच तुही हद्द हाये," तो म्हणाला होता, आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले होते.

ही टेप तिच्याकडे आली ती एका माठापायी. चार दिवसांमागे ती बर्डीवरच्या बाजारात माठ घ्यायला गेली होती. एकेक माठ कानाशी धरून, पेराने वाजवून, खणखणतो की बदबदतो ते पाहत होती. माठ विकणारी आधी पाहतच राहिली आणि मग एवढी हसली की शेजारच्या पाट्यांवरच्या बाया गोळा झाल्या. मावशी माठ वाजवून राहिली, पाहा वं. चंद्रकलाही हसली, लोकांनी ओळखले की हसायचे, ही सवय आता चेहऱ्याला पडली होती. त्या घोळक्यातून वाट काढत गुलाबचंद आला. कापडाचा व्यापारी, नाटकाचा वेडा, एकेकाळी प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत बसणारा. मुंबईहून आणलेले भलेमोठे टेपचे यंत्र मालकांच्या परवानगीने रंगमंचाच्या कडेला ठेवायचा, आणि प्रयोगभर नाटकाकडे कमी आणि त्याच्या फिरत्या चाकांकडे जास्त पाहायचा. त्याने तिला दुकानात नेले, गादीवर बसवले, उसाचा रस मागवला आणि एक कॅसेट पुढे ठेवली. पुतण्याकडून जुन्या टेपांवरून उतरवून घेतली होती. "बाई, हे त्या दिवशीची हाये. जिथून तुमचं सगळं सुरू झालं. पब्लिक पहिल्यांदा हसली तो दिवस," असे म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते. प्रेमाने दिलेली वस्तू. तिने पदराखाली धरून आणली आणि चार दिवस लुगड्यांच्या घडीत ठेवली.

तो दिवस तिला टेपवाचून आठवत होता. पुण्याच्या एका मोठ्या मंडळीचे मालक तिचे गाणे ऐकायला आले होते. त्यांना नवी गाणारी नायिका हवी होती. त्यांनी आनंदरावांना, म्हणजे वैनगंगाच्या मालकांना, तसे उघडच सांगितले होते, आणि आनंदराव दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. चंद्रकला कोष्ट्याच्या घरातली पोर. बाप खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचा, ती काठाशी बसून कांड्या भरायची. मागाच्या खटक्यावर तिने ताल शिकला होता आणि देवळातल्या भजनावर सूर. तिला पुणे म्हणजे काय ते नीट माहीत नव्हते. पण तिथे एवढा मोठा पडदा असतो आणि माणसे गाणे ऐकायलाच येतात, एवढे ऐकून होती. तिने नवऱ्याला विचारले. तो पेटीच्या पट्ट्यांवर फडके फिरवत होता. जा ना, म्हणाला, मी कुठे अडवून राहिलो. तिथे पेटीवाले काय कमी आहेत. हे त्याने हसत म्हटले होते. त्याचे हसणे तेव्हा ऐकले होते, फडके मात्र आज दिसले. तेच ते पाच-सहा पट्ट्यांवरून पुन्हा पुन्हा फिरणारे.

नाटकात सूर विचारत नाहीत, घेतात. आधीचे भाषण संपत आले की पेटीवाला खालून हलकेच षड्ज धरतो, आणि नट बोलता बोलता त्यावर पाऊल ठेवून गाण्यात शिरतो. मान वळवून पेटीकडे पाहायचे नाही. पाहिले तर प्रेक्षकाला नाटक दिसायचे थांबते आणि तालीम दिसते. हे तिला आनंदरावांनी शिकवले होते आणि तिने ते देवासारखे पाळले होते. त्या दिवशी तिने दिवा हातात घेतला, भाषण संपवले, सूर आला, तिने घेतला. सुरुवातीला फक्त एवढे जाणवले की नाकाच्या मुळाशी काहीतरी घट्ट आहे. दागिन्यांचे ओझे, पुण्याचा पाहुणा, उजेड. दुसऱ्या ओळीला गळ्याच्या शिरा ताणल्या. अंतऱ्यात ती पंचमावर गेली आणि आवाज कुत्र्याच्या पिल्लावर पाय पडावा तसा केकाटला.

टेपवर आता तेच आले. केकाटणे, मग शांतता. तिच्या आठवणीत ही शांतता फार मोठी होती. टेपवर ती एका श्वासाएवढीच निघाली. त्या श्वासात विशी-बाविशीच्या त्या पोरीने काय केले ते टेपवर दिसत नव्हते, फक्त आवाज होता: टक, टक. तिने दिवा खाली ठेवला होता, आणि बाजारात माठ पाहतात तसा स्वतःचा गळा पेराने वाजवला होता. आणि म्हणाली होती, "मडकं चिरलं वाटते."

नाट्यगृह कोसळले. टेप त्या हसण्याने फाटायला आली. नायिका नागपुरी बोलली म्हणून हसले, की तिला वाचवायला हसले, कोण जाणे. पुण्याचे पाहुणे मध्यंतरातच उठून गेले. पुढच्या दोन प्रयोगांत आवाज पुन्हा तिथेच फाटला. दुसऱ्या वेळी आत येऊन, तोंडाचा रंग तसाच ठेवून, तिने मास्तरांना विचारले होते, सूर उंच होता का. हे तिला शब्द न् शब्द आठवत होते, कारण नंतर किती वर्षे ती त्या उत्तराला धरून चालली होती. तो पायपेटीचे झाकण लावत होता. "तोच तर सूर हाये. काळी चार. तू घशाकडे लक्ष दे जरा."

महाल भागातल्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिले. घसा ठणठणीत होता. भीती असेल, म्हणाले. घरी पेटीवर ती गाऊन पाहायची तर पंचम लख्ख लागायचा. घरी लागतो आणि लोकांत लागत नाही. मग दोष कशाचा, हे शोधायला फार हुशारी लागत नव्हती. आपला गळा माणसांना भितो. दुसऱ्या कोणाला सांगता येईल असे हे दुखणे नव्हते. पायात काटा मोडला तर दाखवता तरी येतो. आनंदराव मात्र खूश होते. संगीत नाटकाला गिऱ्हाईक उरले नव्हते, आणि इथे न मागता विनोदी बाई मिळाली होती. त्यांनी 'मावशी सुरात आहे' नावाचा फार्स बसवला. त्यात एक घरमालकीण स्वतःला मोठी गायिका समजते, भाडेकरूंना कोंडून गाणे ऐकवते, दिव्याचे तेच पद म्हणते, पंचमावर केकाटते, गळा वाजवते आणि म्हणते मडकं चिरलं वाटते. धानाची कापणी झाली की मंडळीची गाडी भंडारा, ब्रह्मपुरी, वडसा अशी फिरायची. शेताच्या बांध्यांत मांडव पडायचा आणि माणसे त्या केकाटण्याची वाट पाहत थंडीत कुडकुडायची. ते पद कधीकाळी हसण्याचे नव्हते हे पुढे पुढे कोणाला माहीतही राहिले नाही. ती केकाटायची कशी तेही तिने शिकून घेतले. खरा आवाज फाटतो तो छातीतून. खोटा फाडायचा तो जिभेच्या मुळाशी, म्हणजे इजा होत नाही. फरक फक्त तिला कळायचा. आणि पेटीवर बसलेल्या माणसाला.

त्याने तिला किती जपले. हेच आता गिळता येत नव्हते. ज्येष्ठमधाचा तुकडा तिच्या पदराच्या टोकाला तोच बांधून द्यायचा. गाडीत खिडकीची जागा तिला कधी दिली नाही, वारा लागेल म्हणून. भिवापूरला मुक्काम असला की अंगणाअंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, हवेतच ठसका. तो आपला रुमाल भिजवून तिच्या नाकाशी धरायचा. तिला ठेच्याची कोण आवड. लग्नात आईने ठेच्याची बरणी बरोबर दिली होती. पण त्या प्रयोगानंतर तिच्या ताटात ठेचा आला नाही की लोणचे आले नाही. दुसऱ्याच्या घरी कोणी वाढले तर तो काही न बोलता, बोटाने, आपल्या ताटात ओढून घ्यायचा. बाया म्हणायच्या, नशीबवान आहे वं तू. मुलीचे बारसे होते तेव्हा सगळ्यांनी आग्रह केला, आई गाणारी आणि पाळणा दुसरीने म्हणायचा का. खोली माणसांनी भरली होती. चंद्रकलेने पाळण्याची दोरी धरली, ओठ हलवले, आणि आवाज शेजारणीचा होता. मास्तर दारात उभे होते. त्यांनी पाहिले होते. पाहून, तिचे पाणी प्यायचे भांडे भरून आणले होते.

बाहेर सायकल लागली. केशव मास्तर भाजी घेऊन आले, पिशवी खुंटीला अडकवली आणि टेपचा आवाज ऐकून तसेच उभे राहिले. तिने टेप मागे नेली, सुरुवातीला आणली. बोट काळी पाचवर ठेवले. काही बोलायची गरज नव्हती, पण ती बोलली. गुलाबचंदने दिली, त्या दिवशीची आहे आणि काळी पाच लागून राहिली. मास्तरांनी पिशवीतून वांगी काढून परातीत ठेवली. एकेक, देठ एका बाजूला करून.

"टेप पळत असन," ते म्हणाले. "जुन्या टेपा पळतात." आणि आंघोळीला गेले.

क्षणभर तिला असे सुटल्यासारखे झाले की डोळ्यांत पाणी आले. खरेच की. टेप पळते, सूर चढतो. शेजारच्या लग्नाची टेप नाही का, तीत सगळे चिमण्यांसारखे बोलतात. किती सोपे होते. ती उठून वांगी चिरायलाही लागली असती. कॅसेट मात्र चालू राहिली होती. हशा ओसरला, काही भाषणे झाली आणि बाबनराव गायला लागले. बिचारे बाबनराव, जाऊन किती दिवस झाले. तोच रुंद, थोडा नाकातला आवाज, तीच शेवटी मान उडवायची लकब आवाजात दिसणारी. एकाच टेपवर, एकाच प्रयोगात, तिच्या पदानंतर लगेच. टेप पळत असेल तर बाबनरावही पळायला हवे होते. तिने बोट काळी एकवर ठेवले. बाबनराव आपल्या घरात होते. कुठेही गेलेले नव्हते.

ती पट्टी दाबूनच बसली, भाता हलवत. काळी एक खोलीभर पसरली. मोरीत तांब्याने पाणी घ्यायचा आवाज येत होता तो थांबला. मग ओल्या अंगाला पंचा गुंडाळून मास्तर दारात आले. छातीवरचे केस पांढरे, पाणी निथळणारे. त्यांनी पेटीकडे पाहिले, तिच्याकडे नाही.

"तू चालली गेली असती," ते म्हणाले.

मधेच राहिलेले बोलणे पुढे चालवावे तसे म्हणाले. तिला वाटले आपण आता ओरडू, पेटी उचलून आपटू. तिने टेप बंद केली. विचारले एवढेच की पुढचे दोन प्रयोग कशाला, पाहुणा तर निघून गेला होता. ते म्हणाले, एकदाच झाले असते तर तुला कळले असते. यात काही क्रूर बोललो असे त्यांच्या चेहऱ्यावर नव्हते. पेटीची एक पट्टी अडकते, ती का अडकते ते सांगतात तसे सांगितले. आणि मग कपडे घालायला आत गेले.

जेवताना तिने आपल्या ताटात ठेचा वाढून घेतला. शेजारून मागून आणला होता, भिवापुरी मिरचीचा, लालभडक. मास्तरांचा हात सवयीने पुढे आला आणि ताटाच्या काठाशी थांबला. तिने तो हात पाहिला. रुंद नखांचा, बोटे लांब, करंगळी पट्टीवर टेकून टेकून किंचित वाकलेली. मग तिने भाकरी मोडून ठेचा खाल्ला. जीभ जळली, कान जळले, गळ्यातून जाळ खाली गेला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागले. तिने ते पुसले नाही आणि आणखी वाढून घेतला.

रविवारी दुपारी बर्डीवरच्या नाट्यगृहात 'मावशी'चा प्रयोग होता. मधले दिवस ते दोघे एकमेकांशी भाजी, रॉकेल आणि नळाचे पाणी यांवर बोलले. ती गाऊन पाहू शकली असती. पेटी घरात होती, काळी चार जागच्या जागी होती. पण घरातला पुरावा तिला नको होता. घरी आवाज लागतो हे तिला तेव्हाही माहीत होते. तिला तो माणसांसमोर लावून पाहायचा होता. जिथून नेला होता तिथूनच परत आणायचा होता. आजवर फार्समध्ये मास्तर कोणता सूर देतात, हे तिने कधी तपासलेच नव्हते. मुद्दाम तुटायचे असले की कोणत्याही पट्टीत तुटता येते. रविवारी सकाळी त्यांनी ज्येष्ठमधाचा तुकडा तिच्या वेणीच्या डबीशेजारी ठेवला होता. तो तिथेच राहिला.

कूलर चालू असूनही नाट्यगृहात घामाचा आणि मोगऱ्याचा वास कोंडला होता. गुलाबचंद पहिल्या रांगेत, घरच्या बायकामुलांसह. भाडेकरूंना कोंडायचा प्रवेश झाला, मावशीने पदर खोचला, नथ सरळ केली, आणि लोक आधीच खुदखुदायला लागले. तिने भाषण संपवत आणले. खालून सूर आला.

काळी चार. तिने ऐकली. किती दिवसांनी सूर ऐकला, नुसता घेतला नाही. तो स्वच्छ होता, जरासा मोठा होता, आणि थरथरत होता. देऊन टाकला होता तिला, चारचौघांत. तिने त्यावर पाऊल ठेवले आणि मावशीचा चिरका आवाज सोडून स्वतःच्या आवाजात दिव्याचे पद म्हणायला लागली.

पहिल्या ओळीला लोक हसले, सवयीने. दुसऱ्या ओळीला हसू विरळ झाले. खुर्च्या करकरल्या. आवाज जाड झाला होता, पण सूर सुरात होता; तिच्या पाठीत काहीतरी सरळ झाले, खांदे आपोआप खाली आले, आणि मागाच्या खटक्यासारखा लयीचा ठोका तिच्या तळपायाला लागला. मागच्या रांगेतले एक पोर रडत होते ते गप्प झाले. ती अंतऱ्यात शिरली. मध्यम लागला. वर पंचम होता. तिने त्याला डोळे मिटून पाहिले, जुना ओळखीचा, आणि श्वास भरून त्याच्याकडे गेली.

आवाज फाटला. जिभेच्या मुळाशी नाही. छातीतून.

नाट्यगृह हसण्याने भरले. आज जरा उशिरा, पण नेहमीपेक्षा जास्त. कोणी शिट्टी मारली, गुलाबचंद रुमालाने डोळे पुसत होता. लोक ती गळा वाजवेल म्हणून थांबले होते. तिचा हात उठला नाही. ती नुसती उभी राहिली, तर त्यालाच आणखी हसले. मावशीने आज नवीन काहीतरी काढले होते. त्या गदारोळात फक्त एक गोष्ट तिला ऐकू आली. पेटी बंद झाली होती. लोकांना काही कळले नव्हते, पण खाली बसलेल्या एका माणसाला कळले होते की आजचे तुटणे खरे होते. की आता काळी चारही उरली नव्हती.

मागून कोणीतरी ओरडले, वन्स मोअर. मग सगळ्यांनी धरले. वन्स मोअर, वन्स मोअर, पाय आपटून.

इतक्या वर्षांत जे कधी केले नव्हते ते तिने केले. मान वळवली आणि सगळ्यांदेखत पेटीकडे पाहिले. ते खाली अंधारात बसले होते, दोन्ही हात पट्ट्यांवर, चेहरा वर.

"मास्तर," ती म्हणाली, "सूर द्या."

त्यांची बोटे हलली, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर गेली, परत आली. कुठलीच पट्टी खाली दबली नाही. मग आवाज निघाला, सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल एवढा.

"कोन्ता?"

एवढे लोक त्या नाट्यगृहात कधी हसले नव्हते. हसणे ओसरायचे आणि पुन्हा चढायचे. चंद्रकला तशीच पाहत उभी राहिली, मास्तर वर पाहत राहिले. सूर येईपर्यंत तिला कुठे जायची घाई नव्हती.